डावी बाजू नेमकी कोणती? मेंदूच्या प्रतिमा, फायलींचे रूपांतर आणि वाचकांच्या शंका

मेंदूच्या एमआरआय प्रतिमा संशोधनात कशा वापरल्या जातात, यावरचा लेख मागच्या अंकात प्रसिद्ध झाल्यावर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी एकाच जागी अडलेली होती. रुग्णालयातल्या यंत्रातून बाहेर पडणारी डायकॉम फाइल संशोधनाच्या सॉफ्टवेअरला चालणाऱ्या निफ्टी प्रकारात बदलताना डावे-उजवे कसे सांभाळायचे, हा तो मुद्दा. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : एका रुग्णाच्या एमआरआयची सीडी मी डीसीएमटूनिक्स हे रूपांतरक सॉफ्टवेअर वापरून निफ्टीत बदलली. एफएसएलआइज या प्रतिमा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर गाठ पडद्याच्या डाव्या बाजूला दिसते आणि एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच गाठ उजव्या बाजूला. रुग्णालयाचा अहवाल म्हणतो, ‘उजव्या फ्रंटल लोबमध्ये गाठ’. मग कुठले सॉफ्टवेअर चुकते आहे? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून कोणतेच चुकत नाही, आणि आपली फाइलही शाबूत आहे. रेडिओलॉजिस्ट प्रतिमा अशी पाहतात, की जणू रुग्ण उताणा झोपला आहे आणि ते त्याच्या पायांशी उभे राहून डोक्याकडे बघत आहेत. त्यामुळे रुग्णाची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला येते. या मांडणीला रेडिओलॉजिकल पद्धत म्हणतात. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डोक्याच्या बाजूने पाहतो, त्याचे उजवे ते रुग्णाचेही उजवे असते, आणि ही न्यूरॉलॉजिकल पद्धत. एफएसएलआइज आपणहून पहिल्या पद्धतीने दाखवते, एसपीएम दुसऱ्या. आपल्या रुग्णाची उजवीकडची गाठ एकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे दिसायलाच हवी होती. उलट दोन्हींत ती एकाच बाजूला दिसली असती, तर काळजीचे कारण होते.

पडद्यावरच्या बाजूवर कधीच विसंबू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. त्याऐवजी गाठीवर क्लिक करावे आणि मिलिमीटरमधले निर्देशक वाचावेत. निफ्टीत क्ष-अक्ष रुग्णाच्या उजवीकडे वाढतो, य-अक्ष पुढे म्हणजे कपाळाकडे आणि झ-अक्ष वर म्हणजे टाळूकडे. गाठीवरचा पहिला आकडा धन असेल, तर फाइलच्या म्हणण्यानुसार गाठ उजवीकडे आहे, मग पडद्यावर ती कुठेही दिसो. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा सारखाच येईल.

‘फाइलच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत, कारण इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक गोंधळ त्या एकत्र कालवल्याने होतो. पडद्यावरची मांडणी ही एक गोष्ट झाली. फाइलमध्ये आकडे कोणत्या क्रमाने साठवले आहेत, म्हणजे ओळीतला पहिला व्हॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेतला सर्वांत छोटा ठोकळा) रुग्णाच्या उजव्या कानाजवळचा की डाव्या कानाजवळचा, ही दुसरी. आणि त्या क्रमाचा अर्थ काय लावायचा हे सांगणारी हेडरमधली, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतली, नोंद ही तिसरी. पहिली बदलली तर काही बिघडत नाही. दुसरी आणि तिसरी एकमेकींना धरून एकत्र बदलल्या तरीही काही बिघडत नाही. दोहोंपैकी एकच बदलली, की मेंदू आरशात गेला म्हणून समजावे. आपल्याकडे रुग्णालयाचा अहवाल हा फाइलबाहेरचा पुरावा आहे आणि तो निर्देशकांशी जुळतो का, एवढे एकदा तपासले की पुढच्या कामाला लागायला हरकत नाही.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. मेंदूच्या प्रतिमांवर मॉडेल शिकवण्यासाठी डायकॉमचे निफ्टी करणारी स्वतःची पायथन स्क्रिप्ट लिहिली. प्रतिमा आडवी येत होती, ती फिरवून सरळ केली. आता सर्व काही छान दिसते, पण माझ्या मॉडेलचा ‘डावा हिप्पोकॅम्पस’ (स्मृतीशी संबंधित मेंदूचा भाग) आणि प्रमाणित साधनाचा ‘डावा हिप्पोकॅम्पस’ विरुद्ध बाजूंना पडतात. कुठे चुकले? (वाचक, बेंगळुरू)

उत्तर : जिथे प्रतिमा ‘फिरवून सरळ केली’, नेमके तिथेच पाणी मुरले आहे. हे नीट समजण्यासाठी एक साधे उदाहरण आकड्यांनिशी घेऊ.

डायकॉमच्या प्रत्येक स्लाइसबरोबर दोन नोंदी येतात. एक आहे ००२०,००३२ या क्रमांकाची, जी स्लाइसमधल्या पहिल्या, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पिक्सेलची जागा मिलिमीटरमध्ये सांगते. दुसरी ००२०,००३७, जी ओळ कोणत्या दिशेने जाते आणि स्तंभ कोणत्या दिशेने उतरतो हे सहा आकड्यांत सांगते. डायकॉममध्ये क्ष-अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो आणि य-अक्ष पाठीकडे. निफ्टीत हे दोन्ही नेमके उलटे आहेत, झ-अक्ष मात्र दोहोंत डोक्याकडेच. समजा, सरळ आडव्या स्लाइसचे २४० गुणिले २४० पिक्सेल आहेत, पिक्सेल १ मि.मी.चा आहे, स्लाइसमधले अंतर २ मि.मी. आहे, दिशेची नोंद १, ०, ०, ०, १, ० अशी आहे आणि सर्वांत खालच्या स्लाइसच्या पहिल्या पिक्सेलची जागा -१२०, -११०, -४० आहे. याचा अर्थ ओळ रुग्णाच्या उजवीकडून डावीकडे जाते, स्तंभ कपाळाकडून पाठीकडे उतरतो आणि पहिला पिक्सेल उजव्या-पुढच्या कोपऱ्यात आहे.

निफ्टीसाठी क्ष आणि य यांची चिन्हे बदलली, की पहिला पिक्सेल १२०, ११०, -४० वर येतो आणि ओळीत एक घर पुढे गेले, की क्ष एकाने घटतो. बहुतेक रूपांतरक आणखी एक गोष्ट करतात. ते स्तंभ उलटा करतात, म्हणजे आकडे मागून पुढे साठवतात. आता साठवणीतला पहिला व्हॉक्सेल पूर्वीच्या शेवटच्या रांगेतला झाला, म्हणजे डायकॉमच्या भाषेत -११० अधिक २३९, अर्थात १२९ वरचा, आणि निफ्टीच्या भाषेत -१२९ वरचा. म्हणून हेडरमधली पहिली ओळ -१, ०, ०, १२० अशी, दुसरी ०, १, ०, -१२९ अशी आणि तिसरी ०, ०, २, -४० अशी लिहिली जाते. आकडे उलटे केले आणि त्याच वेळी हेडरही तसेच सुधारले, म्हणून रुग्णाचे नाक, कान, टाळू सारे जागच्या जागी राहिले. या तीन ओळींतल्या पहिल्या तीन-तीन आकड्यांचा निश्चयक काढला तर तो -२, म्हणजे ऋण येतो. साठवण रेडिओलॉजिकल आहे, एवढाच त्याचा अर्थ. निश्चयक ऋण असणे ही चूक नव्हे.

आता आपल्या स्क्रिप्टकडे येऊ. पायथनमध्ये पायडायकॉम या लायब्ररीने दिलेल्या सारणीत पहिला निर्देशांक ओळीचा आणि दुसरा स्तंभाचा असतो. निफ्टीत पहिला निर्देशांक ओळीतून चालत जाण्याचा असतो. सारणी तशीच भरली तर दोन अक्षांची अदलाबदल होते आणि मेंदू कुशीवर पडलेला दिसतो. अदलाबदल अदलाबदलीनेच सुटते. आपण मात्र ती नव्वद अंशांनी फिरवून ‘सोडवली’. दोन अक्षांची अदलाबदल ही आरशाची क्रिया आहे आणि फिरवणे ही निव्वळ फिरवण्याची. डाव्या पायातली चप्पल कितीही फिरवली तरी ती उजव्या पायात बसत नाही. नाक वर आले, टाळू वर आली, म्हणून मन शांत झाले, पण डावे-उजवे तेवढे उलटेच राहिले.

याच्या जोडीला, फाइल साठवताना आपण दिशेची नोंद म्हणून एकक मॅट्रिक्स (कर्णावर १, बाकी सारे शून्य) दिला असावा असा माझा तर्क आहे, कारण नवशिक्या स्क्रिप्टमध्ये तो हटकून सापडतो. निबेबल या लायब्ररीला हेडर न देता एकक मॅट्रिक्स दिला, की ती दिशेच्या सांकेतिक क्रमांकात ‘अज्ञात’ न लिहिता २ हा आकडा लिहिते. म्हणजे फाइल पुढच्या प्रत्येक सॉफ्टवेअरला ठामपणे सांगते, की माझा पहिला अक्ष डावीकडून उजवीकडे जातो. वरच्या उदाहरणातल्यासारख्या साठवणीत तो प्रत्यक्षात उजवीकडून डावीकडे जात असतो. पुढे-मागे आणि वर-खाली योगायोगाने बरोबरच असतात, फक्त क्ष-अक्ष खोटा असतो. हेडर रिकामे असते, तर एफएसएलआइजने कडेला अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दाखवून निदान सावध तरी केले असते.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी तपासावी अशी आणखी एक जागा आहे आणि मला ती सर्वांत फसवी वाटते. स्लाइस एकावर एक रचताना कित्येक जण फाइलच्या नावाचा किंवा प्रतिमा-क्रमांकाचा क्रम धरतात. आडव्या स्लाइस उलट्या क्रमाने रचल्या गेल्या तर टाळू खाली जाते आणि चूक लगेच उघडी पडते. पण मेंदूच्या रचनेसाठी घेतला जाणारा त्रिमितीय टी-१ स्कॅन बहुतेक वेळा सॅजिटल, म्हणजे कानापासून कानापर्यंत उभ्या कापांचा असतो. तिथे स्लाइसचा क्रम म्हणजेच डावे-उजवे. तो उलटा झाला, तर प्रत्येक काप सुंदर दिसतो, नाक पुढे असते, मान खाली असते आणि सबंध मेंदू मुकाट्याने आरशात गेलेला असतो. म्हणून क्रम लावायचा तो ००२०,००३२ मधल्या जागेवरूनच. ओळीची दिशा आणि स्तंभाची दिशा यांचा सदिश गुणाकार करावा, प्रत्येक स्लाइसच्या जागेचा त्या लंबदिशेवरचा प्रक्षेप काढावा आणि त्याप्रमाणे स्लाइस लावाव्यात.

याउलट क्ष आणि य ही दोन्ही चिन्हे एकदम विसरलात, तर मेंदू उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा फिरतो आणि नाक मागे जाते. ही चूक पहिल्या प्रतिमेतच कळते. सिम्पल-आयटीके ही लायब्ररी आतून डायकॉमचेच अक्ष वापरते, त्यामुळे तिच्याकडून घेतलेली दिशा निबेबलला तशीच दिली की हेच होते. एकच चिन्ह चुकले तर आरसा आणि दोन चुकली तर फेरा, हे लक्षात असले की बिघाड पाहूनच कारण बरेचसे ओळखता येते.

खरे सांगायचे, तर स्वतःचा रूपांतरक लिहिण्याचा मोह टाळावा. क्रिस रॉर्डेन यांचा डीसीएमटूनिक्स मोफत आहे, निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे हट्ट त्यात वर्षानुवर्षे सांभाळले गेले आहेत. शिकण्यासाठी स्क्रिप्ट जरूर लिहावी, पण तिचे फलित त्याच्या फलिताशी व्हॉक्सेलगणिक ताडून पाहावे. आणि मॉडेल शिकवताना प्रतिमा मुद्दाम डावी-उजवी उलटवून उदाहरणे वाढवण्याची जी पद्धत आहे, ती वापरत असाल तर ‘डावा’, ‘उजवा’ ही लेबलेही त्याच वेळी बदलतात ना, हे पाहावे. नाहीतर रूपांतर बिनचूक करूनही आपले मॉडेल तीच तक्रार देत राहील.

प्रश्न : एकाच फाइलला एक साधन ‘आर-ए-एस’ म्हणते आणि दुसरे ‘एल-पी-आय’. यातले खरे कोणते? (संशोधन सहायक, मुंबई)

उत्तर : दोन्ही एकच सांगत आहेत. आर-एल म्हणजे उजवे-डावे, ए-पी म्हणजे पुढे-मागे आणि एस-आय म्हणजे वर-खाली. निबेबल आणि फ्रीसर्फर अक्ष कुठे पोहोचतो ते लिहितात, म्हणजे उजवीकडे, पुढे, वर. एएफएनआय अक्ष कुठून निघतो ते लिहिते, म्हणजे डावीकडून, मागून, खालून. फ्रीसर्फरची प्रमाणित केलेली फाइल ‘एल-आय-ए’ असते, ती वाचतानाही पोहोचण्याचाच अर्थ घ्यावा. शोधनिबंधात नुसती तीन अक्षरे न देता कोणत्या साधनाच्या रीतीने दिली आहेत, हेही लिहावे.

प्रश्न : आमच्या विभागात २००१ च्या सुमारास घेतलेले स्कॅन जुन्या सीडींवर आहेत. फायली जोडीने आहेत, एक एचडीआर आणि एक आयएमजी. मूळ डायकॉम सापडत नाहीत. यांची बाजू कशी ठरवावी? (निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : हा अ‍ॅनालाइझ ७.५ प्रकार दिसतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तयार झालेल्या सॉफ्टवेअरबरोबर तो आला आणि साधा असल्यामुळे सगळीकडे पसरला. त्याच्या ३४८ बाइटच्या हेडरमध्ये दिशेसाठी जागा होती ती एका बाइटची. तो बाइट काळजीपूर्वक भरणारे थोडे आणि वाचणारे त्याहून थोडे. मूळ संकेतानुसार साठवण रेडिओलॉजिकल समजायची. ऑक्सफर्डचे एफएसएल तसेच समजत असे. लंडनच्या एसपीएमने वेगळी वाट धरली. हेडरमधली एक जागा निर्देशकांच्या आरंभबिंदूसाठी वापरली, फाइलशेजारी मॅट फाइल ठेवायला सुरुवात केली आणि एसपीएम-२ मध्ये तर अ‍ॅनालाइझ फायली उलटवून वाचायच्या की नाही, यासाठी एक स्वतंत्र सेटिंगच होते. ते सेटिंग प्रयोगशाळेगणिक बदलू शके आणि फाइलमध्ये त्याची खूणही राहत नसे. म्हणजे एकच फाइल शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन बाजूंनी वाचली जाऊ शकत होती, आणि दोन्ही खोल्यांत कोणालाही संशय येण्याचे कारण नव्हते.

हीच अडचण ओळखून अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचे कर्ते २००३ च्या सुमारास एकत्र बसले आणि निफ्टी तयार झाले. एएफएनआयचे रॉबर्ट कॉक्स यांचा त्यात मोठा वाटा होता. जुन्या सॉफ्टवेअरशी जुळावे म्हणून हेडर ३४८ बाइटचेच ठेवले, पण त्यात दिशेच्या दोन नोंदी आल्या, क्यू-फॉर्म आणि एस-फॉर्म, आणि प्रत्येकीसोबत ती नोंद कशाच्या आधारावर आहे हे सांगणारा क्रमांक. शून्य म्हणजे अज्ञात, १ म्हणजे यंत्राने दिलेली दिशा. आपल्या जुन्या फायली आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील खऱ्या, पण या दोन्ही जागी शून्य असेल आणि सॉफ्टवेअर स्वतःचा अंदाज चालवेल. त्या फायलींचे नुसते निफ्टीत रूपांतर केल्याने नवी माहिती निर्माण होत नाही. फार तर अंदाजावर खात्रीचा शिक्का बसतो आणि ते अधिक वाईट.

तेव्हा फाइलबाहेरचा पुरावा शोधावा लागेल. छापील फिल्म शिल्लक असतील तर त्यांवर ‘आर’ आणि ‘एल’ ही अक्षरे असतात. फिल्मवरची एखादी ठळक खोबण किंवा गाठ फाइलमध्ये ओळखता आली, की प्रश्न मिटला. अनेक संशोधक त्या काळीही रुग्णाच्या उजव्या कानशिलाला ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवत असत आणि अजूनही चिकटवतात. तिच्यातले तेल टी-१ प्रतिमेत कातडीच्या बाहेर पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. जुन्या नोंदवह्यांत कॅप्सूल कोणत्या बाजूला लावत, हे लिहिलेले आहे का ते पाहावे. हातांच्या हालचालीचा कार्यात्मक स्कॅन (काम करतानाच्या मेंदूचा) घेतला असेल, तर तो उत्तम साक्षीदार ठरतो, कारण उजव्या हाताची बोटे हलवताना मेंदूच्या डाव्या बाजूचा चालक भाग उजळतो. त्याच व्यक्तीचा नंतर कधी डायकॉममध्ये स्कॅन झाला असेल, तर मेंदूच्या घड्यांची ठेवण ताडून पाहता येते. घड्या माणसागणिक निराळ्या असतात आणि आरशातली प्रतिमा मूळ प्रतिमेवर तितकी चपखल बसत नाही.

याच तत्त्वावर एएफएनआयमध्ये एक तपासणी आहे. कार्यात्मक स्कॅन रचनात्मक स्कॅनवर एकदा आहे तसा आणि एकदा डावा-उजवा उलटवून बसवायचा, आणि कोणता अधिक चांगला बसतो ते आकड्याने ठरवायचे. त्या गटाने २०२० मध्ये या पद्धतीबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा सर्वांसाठी खुल्या असलेल्या नावाजलेल्या संग्रहांतही अशा उलट्या जोड्या सापडल्या होत्या. मात्र ही तपासणी दोन स्कॅन एकमेकांशी जुळत नाहीत एवढेच सांगते. त्यांतला खोटा कोणता, हे ती सांगत नाही. दोन्ही एकाच तऱ्हेने उलटे असतील तर तिला काहीच कळणार नाही.

एका रुग्णाची बाजू ठरली म्हणून सगळ्या सीड्यांची ठरली, असे मात्र समजू नये. मध्येच सॉफ्टवेअर किंवा सेटिंग बदललेले असू शकते, म्हणून प्रत्येक कालखंडातले काही स्कॅन तपासावेत. काहीच पुरावा मिळाला नाही, तर तो संग्रह फेकण्याचे कारण नाही. मेंदूचे एकूण आकारमान, पोकळ्यांचा आकार, वयानुसार होणारी झीज यांसाठी तो उपयोगी आहे. डाव्या-उजव्याची तुलना करणारे विधान तेवढे त्यावरून करू नये.

प्रश्न : मेंदू पूर्ण सममित नसतो असे वाचले आहे. मग नुसते पाहून बाजू ओळखता येणार नाही का? (वैद्यकीय विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : एका माणसाच्या बाबतीत नाही. सर्वसाधारणपणे उजवा फ्रंटल भाग थोडा पुढे आणि डावा ऑक्सिपिटल (मागचा) भाग थोडा मागे झुकलेला असतो, आणि भाषेशी संबंधित प्लॅनम टेम्पोराले डावीकडे मोठे असते. पण गेश्विंड आणि लेविट्स्की यांनी १९६८ मध्ये १०० मेंदू मोजले, तेव्हा ते डावीकडे मोठे असलेले ६५ निघाले, उजवीकडे मोठे असलेले ११, आणि उरलेल्या २४ मध्ये फरक नव्हता. अशा खुणेवर एका रुग्णाची बाजू ठरवणे म्हणजे पैज लावणे होय. शंभरएक जणांच्या गटाची सरासरी मात्र उलट्या बाजूला झुकलेली दिसली, तर आधी फायलींवर संशय घ्यावा आणि नवा शोध लागल्याचा आनंद तोवर लांबणीवर टाकावा.

प्रश्न : तंतूंची दिशा दाखवणाऱ्या डिफ्यूजन स्कॅनचे रूपांतर केले. हेडर बरोबर आहे, रंगीत नकाशाही पाठ्यपुस्तकातल्यासारखा आहे, तरी तंतूंचे मार्ग मध्येच तुटतात आणि भलतीकडे वळतात. डावे-उजवे तर तपासले आहे. (पीएचडी संशोधक, मराठी वाचक, जर्मनी)

उत्तर : प्रतिमेचे तपासलेत, दिशासूचीचे राहिले असावे. डिफ्यूजनमध्ये प्रतिमेबरोबर बी-व्हेक नावाची फाइल येते आणि प्रत्येक मोजणी कोणत्या दिशेने केली ते ती सांगते. एफएसएलच्या रीतीत या दिशा प्रतिमेच्या अक्षांना धरून लिहितात आणि हेडरचा निश्चयक धन असेल तर पहिल्या घटकाचे चिन्ह उलटे धरतात. डीसीएमटूनिक्स हे आपणहून करते. पण त्यानंतर कोणी प्रतिमेची साठवण बदलली आणि बी-व्हेक तशीच ठेवली, किंवा एफएसएलओरिएंट या आज्ञेच्या साह्याने केवळ हेडरची बाजू पालटली, तर दोघांची फारकत होते.

रंगीत नकाशाने आपल्याला फसवले ते असे. त्यात दिशेचे चिन्ह टाकून केवळ मूल्य घेतलेले असते, डावी-उजवी दिशा लाल, पुढची-मागची हिरवी, वरची-खालची निळी. क्ष-चिन्ह उलटे झाले तरी रंग बदलत नाही. सरळ अक्षाला धरून जाणारे तंतूही बिघडत नाहीत, त्यामुळे दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचा मधला भाग निर्दोष दिसतो. बिघडतात ते तिरपे जाणारे. कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या टोकापासून दोन्ही फ्रंटल भागांत फाकणारे तंतू पाहावेत. रंगाऐवजी रेघा काढायला सांगितल्या, की त्या तंतूंच्या वळणाला धरून न जाता त्याला छेदताना दिसतील. एमआरट्रिक्स या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीडब्ल्यूआयग्रॅडचेक’ ही आज्ञा चिन्हांची आणि अक्षांची सर्व जुळणी करून पाहते आणि कोणत्या जुळणीत तंतू सर्वांत लांब जातात ते सांगते. ती चालवा, पण तिच्या उत्तराप्रमाणे बी-व्हेक दुरुस्त करून थांबू नका. रूपांतराच्या कोणत्या पायरीवर बिघाड झाला ते शोधा, कारण त्याच पायरीतून आपले इतर स्कॅनही गेले असणार.

जाता जाता, प्रतिमा प्रमाणित मांडणीत आणण्यासाठी एफएसएलरीओरिएंट-टू-स्टँडर्ड वापरले तर ते नव्वद अंशांच्या पटीतच फिरवते, डावे-उजवे पालटत नाही. तरी बी-व्हेक त्याच्याबरोबर फिरत नाही, हे विसरू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मेंदूची शस्त्रक्रिया व्हायची आहे. अशा फायलींच्या गोंधळाने बाजू चुकण्याचा धोका आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : शस्त्रक्रियेचे नियोजन डायकॉमवरच होते. त्यात प्रत्येक स्लाइसच्या जागेची आणि दिशेची नोंद यंत्रानेच केलेली असते आणि रुग्णालयातला पडदा ‘आर’, ‘एल’ ही अक्षरे त्याच नोंदीवरून दाखवतो. वर ज्या निफ्टी फायलींची चर्चा केली, त्या संशोधनासाठी असतात आणि एरवी त्या शस्त्रक्रियागृहाच्या वाटेला जात नाहीत. शस्त्रक्रियेआधी बाजू रुग्णाला विचारून, अहवालाशी ताडून आणि कातडीवर खूण करून निश्चित करण्याची पद्धत आहे. ती खूण होते का, हे आपण विचारू शकता, त्यात संकोच बाळगू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्मचा फोटो पाठवून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणार असाल, तर फिल्म उलटी धरलेली नाही आणि ‘आर’, ‘एल’ ही अक्षरे फोटोत सरळ वाचता येतात, एवढे पाहा. शक्यतो सीडीच द्या.

धोक्याची एक वाट मात्र आहे आणि ती डॉक्टर वाचकांसाठी सांगतो. भाषेची केंद्रे किंवा तंतूंचे मार्ग संशोधन सॉफ्टवेअरमध्ये काढून त्यांचे निफ्टीतून पुन्हा डायकॉम केले जाते आणि ते शस्त्रक्रियेच्या नेव्हिगेशन यंत्रात भरले जाते, तिथे परतीचे रूपांतर उलटले तर त्याला अडवणारे कोणी नसते. नैराश्यावरच्या चुंबकीय उत्तेजनातही हेच लागू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता दिलेल्या त्या उपचारात सामान्यतः डावा प्रीफ्रंटल भाग उत्तेजित करतात, आणि ती जागा रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरून ठरवत असतील तर बाजू पक्की हवी. अशा कामात स्कॅनच्या वेळी उजव्या कानशिलाला कॅप्सूल लावावी, ती मूळ डायकॉम, निफ्टी आणि परत आलेले डायकॉम या तिन्हींत एकाच कानाशी दिसते हे दोन जणांनी स्वतंत्रपणे पाहावे, आणि मगच यंत्रात फाइल भरावी.